ते नुसतं वायसर आहे

१

चार स्पार्क प्लग लाकडी ठोकळ्यात टोकं वर करून उभे होते आणि चौघांचीही टोकं गेलेली होती.

समोरच्या पडद्यावर त्यांची चित्रं माणसाएवढी मोठी करून दाखवत होते, त्यामुळे नुकसानही तेवढंच मोठं दिसत होतं. जिथे इरिडियम नावाच्या धातूची बारीक तार असायला हवी, तिथे वितळून झालेला गोळा होता.

‘लाखभर किलोमीटर गाडी पळवली ती हे बघायला?’ संचालकसाहेब म्हणाले. साहेब हिशेबाच्या विभागातून वर चढलेले. स्पार्क प्लगमधलं त्यांना फारसं कळत नसे. पण वितळलेलं काय आणि न वितळलेलं काय, एवढं कळत होतं, आणि आज दुर्दैवानं तेवढं पुरेसं होतं.

मोटारी बनवणाऱ्या कंपनीकडून दोन पाहुणे आले होते. हा प्लग आपल्या गाड्यांत घालायचा की नाही, हे ते आज सांगणार होते. त्यांतल्या थोरल्यानं पेनाला टोपण लावलं आणि पेन खिशात ठेवलं. ‘आम्ही जेवून येतो. मग बोलू.’ जेवणाआधी ज्याचं पेन खिशात जातं तो जेवणानंतर काय बोलणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

पडद्याखाली माझी धाकटी बहीण उभी होती. हा प्लग तिचा. घरात तिला आम्ही ठिणगी म्हणतो. हे नाव लहानपणी तिच्या रागामुळे पडलं. पुढे ती स्पार्क प्लगच्या संशोधनात शिरली, यात आमची काही दूरदृष्टी नव्हती. प्लगचं टोक झिजू नये म्हणून ती गेली कित्येक वर्षं झिजत होती. पाहुण्यांनी नकार दिला की तिचा विभाग बंद होणार होता. विभागात ती एकटीच असल्यामुळे बंद म्हणजे नेमकं काय बंद, हे विचारायची गरज नव्हती.

‘मी सांगत होतो,’ कोपऱ्यातून प्लॅटिनमकाका म्हणाले.

प्लॅटिनमकाका हे तिथले सर्वांत जुने इंजिनिअर. प्लगांना साधी निकेलची टोकं असायची आणि ती वरचेवर झिजायची, त्या काळात काकांनी प्लॅटिनमचं टोक बसवून दाखवलं होतं. या इमारतीच्या निम्म्या भिंती त्या प्लगवर उभ्या आहेत, असं ते म्हणत, आणि कोणत्या निम्म्या हेही दाखवत.

मी तिथे काय करत होतो? मी ड्रायव्हर होतो. एरवी मी कॉलेजात तर्कशास्त्र शिकवतो, त्यामुळे घरी माझं कोणी ऐकत नाही. माझी बायको पेटंटची वकील आहे आणि नणंदेच्या प्लगचं पेटंट तीच लिहीत होती. तिला गाडी चालवता येत नाही, मला पेटंट लिहिता येत नाही. असा आमचा संसार.

बायकोबद्दल एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो. ती मला घरी ‘अरे’ म्हणते आणि चारचौघांत ‘अहो’. पण चारचौघांत तिनं फार गोडीनं ‘अहो’ म्हटलं, की समजावं, कोणाचं तरी आता काही खरं नाही.

पाहुणे जेवायला गेले. दार लागलं.

‘अहो,’ ती म्हणाली, ‘माझा वाचायचा चष्मा द्या ना जरा.’

२

सकाळपासूनच दिवस वैतागाचा होता. आमची गाडी सुरू व्हायला तयार नव्हती. झाली तेव्हा खोकत झाली आणि प्रत्येक सिग्नलला बंद पडत राहिली. घरात स्पार्क प्लगची शास्त्रज्ञ असताना ही आमची अवस्था. ‘दादा, तुझी गाडी बघते एकदा,’ हे वाक्य ठिणगी गेली तीन वर्षं बोलत होती.

मागच्या सीटवर बायको फोनवर ठिणगीशी भांडत होती.

‘अगं, मला फक्त एवढं सांग, आकृतीतल्या या गोल कड्याला काय म्हणायचं?’

‘वहिनी, ते नुसतं वायसर आहे.’

‘पेटंटमध्ये नुसतं असं काही नसतं. ते काय करतं?’

‘काही करत नाही! आतून पोकळ असतं. प्लग इंजिनात पिळून बसवला की ते दबून चपटं होतं आणि फट बंद होते. संपलं. नवलाई टोकात आहे, वहिनी. टोकाबद्दल लिही!’

‘आणि प्लग परत काढला की?’

‘की काय? चपटंच राहतं. वहिनी, आज पाहुणे येतायत, मी फोन ठेवते.’

बायकोनं कागदावर काहीतरी खरडलं. ‘अरे, तुझ्या बहिणीला आख्ख्या प्लगमधला एक मिलिमीटर सोडून काही दिसत नाही,’ ती म्हणाली. मी नुसता गिअर बदलला. नणंद-भावजयीच्या मध्ये तर्कशास्त्र चालत नाही.

प्रयोगशाळेच्या आवारात शिरताना आमची गाडी पुन्हा बंद पडली. मी किल्ली फिरवत बसलो असताना अचानक मागून हॉर्न वाजला आणि मी दचकलो, कारण मागे गाडी येऊन उभी राहिल्याचं मला कळलंच नव्हतं. प्लॅटिनमकाका होते, त्यांच्या जुन्या करड्या गाडीत. ‘मास्तर, बाजूला घ्या!’ ते ओरडले आणि सुळकन आमच्या बाजूनं निघून गेले. इतक्या म्हाताऱ्या गाडीनं मागे टाकावं, हा अपमान मी मुकाट्यानं गिळला.

हे सगळं मी का सांगतोय ते पुढे कळेल. मलाही पुढेच कळलं.

३

‘अगदी सोपं आहे,’ प्लॅटिनमकाका म्हणाले. जे सोपं आहे ते समजावायला त्यांनी फळा मागवला, तेव्हाच माझा धीर सुटला. ‘पोरीनं गरम प्लग वापरला. थंड वापरायला हवा होता.’

‘म्हणजे कपाटातला एसी बंद होता का?’ साहेबांनी विचारलं.

ठिणगीनं डोळे मिटले.

‘साहेब, थंड प्लग म्हणजे गार केलेला प्लग नव्हे,’ ती दातावर दात ठेवून म्हणाली. हे वाक्य ती या माणसाला पहिल्यांदा सांगत नव्हती हे उघड होतं. ‘जो आपल्या टोकाची उष्णता पटकन इंजिनाच्या अंगाला देऊन मोकळा होतो तो थंड. जो ती धरून बसतो तो गरम. चुकून जास्त गरम प्लग बसला तर टोक तापून वितळू शकतं.’

माझ्या ओळखीत दोन्ही प्रकारची माणसं आहेत. या खोलीत त्या वेळी बहुतेक गरमच होती.

‘आणि घोटाळा असा,’ काका फळ्यावर आकडे काढत म्हणाले, ‘की आपल्याकडे मोठा आकडा म्हणजे गरम. पाहुण्यांकडे मोठा आकडा म्हणजे थंड. उलटी गंगा. हिनं त्यांचा आकडा वाचला आणि आपला प्लग उचलला. झालं! मोठ्या मोठ्यांचं होतं असं. वाईट वाटून घेऊ नकोस, पोरी.’

‘मी दोन वर्षांपूर्वी या गोंधळावर इशारा देणारा फलक लावला होता, काका. तुमच्याच दारावर.’

‘हो, तो पडला.’

‘सिरॅमिक बघा, पांढरंशुभ्र आहे,’ सिरॅमिकबाई मध्येच म्हणाल्या. तार ज्या पांढऱ्या नळीतून वर येते ती बनवणाऱ्या विभागाच्या त्या प्रमुख. त्या नळीला कोणी चिनीमाती म्हटलं की त्या दिवसभर बोलत नसत. ‘पांढरंशुभ्र म्हणजे प्लग प्रमाणाबाहेर तापला. पण माझ्या नळीला तडा नाही. एकही नाही. हे लिहून घेतलंय का कोणी? दोष धातूचा आहे.’

‘तुमची नळी तापली नसती तर टोक तापलं नसतं!’ ठिणगी म्हणाली.

‘माझी नळी?’

पुढची काही मिनिटं तीन इंजिनिअर एकाच वेळी बोलत होते. सगळे पडद्याकडे बोट दाखवत होते आणि सगळ्यांचं बोट त्याच एका गोळ्यावर होतं. टेबलावर खरेखुरे प्लग उभे होते, त्यांच्याकडे कोणाचंही लक्ष नव्हतं.

बायकोनं चष्मा लावला, ठोकळ्यातला एक प्लग उघड्या हातानं उपटून काढला आणि डोळ्यांसमोर धरला.

‘वहिनी! मोजे! मोजे घाल हातात!’

‘अगं, हे बघ.’

‘बोटांचं तेल लागतं त्याला!’

‘लागू दे. हे वायसर बघ.’

‘वहिनी, पाया पडते तुझ्या, ते नुसतं...’ ठिणगी थांबली. तिचं तोंड उघडंच राहिलं.

ठोकळ्याच्या भोकात वायसर बुडून जात होतं, म्हणून एवढा वेळ कोणाला दिसलं नव्हतं. ते गोल होतं. गुबगुबीत. चपटेपणाचा मागमूसही नव्हता. बायकोनं उरलेले तिन्ही काढले. तिन्ही तसेच.

‘सकाळी तूच मला सांगितलंस,’ बायको म्हणाली, ‘एकदा पिळून बसवला की हे चपटं होतं आणि चपटंच राहतं. मग हे लाखभर किलोमीटर इंजिनात पिळून बसले होते, ते कुठल्या इंजिनात?’

तिनं चारही प्लग टेबलावर ओळीनं आडवे ठेवले.

‘हे प्लग कोणत्याही इंजिनात कधी गेलेलेच नाहीत. टोकं कोणीतरी टेबलावर बसून वितळवलीत. नळी पांढरीशुभ्र आहे कारण ती कोरी आहे. तीन तज्ज्ञ आणि एक पडदा! आणि बघायचं काय, ते वकिलानं सांगायचं?’

साहेब उठून उभे राहिले. त्यांचा चेहरा पहिल्यांदाच उजळला होता. त्यांना समजेल असं काहीतरी अखेर घडलं होतं.

‘म्हणजे गाडी चालवलीच नाही,’ ते म्हणाले. ‘कप्तानला बोलवा. आजच्या आज घरी पाठवतो त्याला.’

४

कप्तान म्हणजे चाचणीची गाडी चालवणारा. शहराबाहेरच्या ट्रॅकवर वर्षभर रोज तीच गाडी तो गोल गोल फिरवत होता. ट्रॅक आरशासारखा सपाट, ना वळणाला मजा, ना चढ, ना उतार. अशा कामाला एक विशिष्ट स्वभाव लागतो. तो आत आला, ऐकून घेतलं आणि साहेबांकडे बघून म्हणाला, ‘म्हणजे मी वर्षभर कुठे होतो? सासुरवाडीला?’

‘उद्धटपणा नको. प्लग गाडीत नव्हतेच, हे सिद्ध झालंय.’

‘हे चार नव्हते,’ बायको म्हणाली. ‘साहेब, “हे चार” आणि “ते चार” यांत फरक आहे. मला यातल्या फरकांचेच पैसे मिळतात. कप्तान, काल तुम्ही प्लग कसे काढलेत ते सांगा.’

‘काढले, आटे फडक्यानं पुसले, डब्यात ठेवले, डब्याला चिकटपट्टी लावली आणि नमुन्यांच्या कपाटात ठेवला. गाडीत दुसरे साधे प्लग घातले. मॅडमना दाखवले नाहीत. ज्यानं बनवले त्यानं पाहुण्यांच्या आधी बघायचे नाहीत, असा नियम आहे.’

‘नियम मी केला,’ साहेब म्हणाले. ‘पारदर्शकता.’

‘म्हणजे चिकटपट्टी काढून परत लावली की पारदर्शकता संपली,’ बायको म्हणाली. ‘कपाटाच्या किल्ल्या कोणाकडे?’

तीन किल्ल्या होत्या. एक ठिणगीकडे, एक सिरॅमिकबाईंकडे, एक काकांकडे. ठिणगीनं बनवलेले तसलेच कोरे प्लग त्याच कपाटात खोक्यानं पडलेले असत. आणि टोक बसवायचं लेझरचं यंत्र शेजारच्याच खोलीत होतं. जे यंत्र टोक चिकटवतं तेच जोर वाढवला की टोक वितळवतं, आणि ते चालवता तिघांनाही येत होतं.

‘कप्तान, काढलेत तेव्हा टोकं कशी होती?’

‘चष्मा नव्हता. पण पुसताना सिरॅमिक बघितलं ना. चारही छान बिस्किटी होते.’

‘काय म्हणालास?’ ठिणगीचा आवाज एकदम बारीक झाला.

‘बिस्किटी. चहात बुडवावेसे.’

ठिणगी मटकन खुर्चीवर बसली. माझ्या कानात बायको कुजबुजली, ‘काय झालं हिला?’ मीही कुजबुजलो की मला काय माहीत. शेवटी ठिणगीनंच डोळे पुसत सांगितलं: प्लग आत कसा जगला हे त्याच्या रंगावरून कळतं. काळा पडला तर इंजिनाला पेट्रोल जास्त झालं, पांढरा पडला तर प्लग जळतोय. आणि बिस्किटी म्हणजे सगळं ठीक चाललंय. ‘वहिनी, म्हणजे माझा प्लग चालला. चालला गं!’

‘चालला,’ साहेब म्हणाले, ‘पण कुठे गेला? पाहुण्यांना मी कप्तानचं बिस्किट दाखवू? ते जेवून येतीलच आता. प्लग टेबलावर नसतील तर करार नाही. आणि प्लग जाग्यावर सापडले नाहीत तर ज्यानं ते शेवटचे हाताळले तो जबाबदार. मला कोणाला तरी जबाबदार धरावंच लागेल.’

कप्तान हसला. हसण्यात मजा नव्हती. ‘धरा. चालवलेही मी, काढलेही मी.’

५

बायकोनं किल्लीवाल्यांना एकेक करून शेजारच्या खोलीत बोलावलं. मला चहा आणायच्या निमित्तानं बसवून घेतलं.

सिरॅमिकबाई आल्या त्याच भडकलेल्या. ‘मी कशाला करू? प्लग नापास झाला की पहिलं बोट माझ्या नळीकडे जातं. मघाशी पाहिलंत ना? पास झाला असता तर माझीही नळी पास झाली असती. आणि चोरी करायची तर मी आधी त्या मुलीचा फळा चोरला असता. रोज त्यावर “चिनीमाती” लिहिते.’

‘तुम्ही घरी कशा जाता?’

‘पायी. का? त्यालाही परवानगी लागते आता?’

मग काका आले. खुर्चीत बसले, हाताची घडी घातली.

‘मला तुमचा प्लग समजावून सांगा,’ बायको म्हणाली. ‘प्लॅटिनमचा.’

काकांचा चेहरा मऊ झाला. ते बराच वेळ बोलले आणि चांगलं बोलले. निकेलचं टोक जाड असे, ठिणगी पडून पडून झिजे, दोन टोकांतली फट वाढे, मग गाडी अडखळे. प्लॅटिनम झिजता झिजत नाही. लोक प्लग बदलायचं विसरूनच गेले, ते काकांमुळे.

‘आणि इरिडियम?’

‘जास्त कठीण. जास्त उष्णतेला वितळतं. म्हणून तार आणखी बारीक करता येते. टोक बारीक असलं की ठिणगी कमी दाबाला उडते आणि ज्वाळेला आडवं कोणी येत नाही.’ त्यांनी नाइलाजानं मान हलवली. ‘कबूल करतो, चीज चांगली आहे. किल्ली फिरवली की पेटते. चढावर दम सोडत नाही, गिअर बदलावा लागत नाही. पण म्हणून माझ्या प्लगची लाइन बंद करायची? पुढच्या वर्षी मी निवृत्त होतो. तोवर तरी थांबावं की नाही माणसानं?’

‘थांबायला हवं होतं,’ बायको गंभीरपणे म्हणाली. काका गेले.

दार बंद झाल्यावर तिनं चष्मा काढून पदरानं पुसला. मग म्हणाली, ‘अरे, तू तर्कशास्त्र शिकवतोस ना?’

‘पोटासाठी.’

‘मग सांग. चोर बाहेरचा असता तर ते चार प्लग त्यानं काय केले असते?’

‘फेकले असते. गटारात, कचऱ्यात.’

‘आणि चोर प्लगवाला असेल तर? आयुष्य प्लगमध्ये घालवलेला माणूस. हातात जगातले सगळ्यांत चांगले चार प्लग, लाखभर किलोमीटर पळूनही ताजे. फेकवतील त्याला?’

‘नाही फेकवणार. पण मग ठेवणार कुठे? घरी सापडले तर...’

‘प्लग लपवायची सगळ्यांत चांगली जागा कुठली?’ ती म्हणाली आणि उठली. ‘ठिणगीला विचार, चाचणीची गाडी कधी चढावर नेली होती का.’

मी जाऊन विचारलं. ठिणगी म्हणाली, ‘दादा, वेडा आहेस का? ट्रॅक सपाट आहे. चढाची चाचणी करा म्हणून मी साहेबांच्या मागे लागून थकले. हा प्लग चढावर कसा चालतो हे जगात कोणालाच माहीत नाही.’

‘एकाला माहीत आहे,’ मी म्हणालो. तेवढ्यात माझ्याही डोक्यात, उशिरा का होईना, ठिणगी पडली.

६

आवारात काकांची करडी गाडी सावलीत उभी होती. आम्ही सगळे तिच्याभोवती जमलो तेव्हा काका शेवटी आले, हळूहळू.

‘हिला म्हातारी म्हणतात,’ कप्तान बायकोला सांगत होता. ‘काका तिकडे वर राहतात, टेकडीवर. तो चढ हिला पहिल्या गिअरमध्येच झेपतो. लोक पायी पुढे जातात आणि वर जाऊन हात दाखवतात. ती फाटकात शिरली की फटाफट बार काढते, तेव्हा आम्ही म्हणतो, चला, चहाची वेळ झाली.’

‘आज चहाची वेळ झाली नाही,’ मी म्हणालो. ‘सकाळी ती माझ्या मागे येऊन उभी राहिली, मला कळलंसुद्धा नाही. हॉर्न वाजवावा लागला.’

‘आणि इंजिन कोणतं हिचं?’ बायकोनं विचारलं.

‘चाचणीच्या गाडीचंच. म्हणजे हिचं आधी, मग त्यात किरकोळ सुधारणा करून तिचं. एकीचा प्लग दुसरीला बसतो.’ कप्तान बोलता बोलता थांबला आणि त्यानं काकांकडे पाहिलं.

‘काका,’ बायको म्हणाली, ‘चढावर दम सोडत नाही, गिअर बदलावा लागत नाही. हे तुम्हाला कसं कळलं?’

पाहुणे जेवून परत येत होते. थोरल्याच्या हातात चहाचा कप होता. गर्दी बघून ते आमच्याकडेच वळले. साहेब त्यांना दुसरीकडे नेण्यासाठी पुढे धावले आणि नेहमीप्रमाणे उशिरा पोचले.

काकांनी खिशातून किल्ली काढली. वाटलं, आता काहीतरी कारण सांगतील. त्यांनी किल्ली कप्तानच्या हातावर ठेवली.

कप्ताननं ती फिरवली. पहिल्याच फटक्यात म्हातारी सुरू झाली. बार नाही, खोकला नाही, थरथर नाही.

थोरला पाहुणा पुढे आला. हातातला कप त्यानं गाडीच्या बॉनेटवर ठेवला आणि वाकून चहाकडे बघत राहिला. चहा हलत नव्हता.

‘या गाडीत कोणते प्लग आहेत?’ त्यानं विचारलं.

‘आमचे,’ ठिणगी म्हणाली. ‘तेच. ज्यांची तुम्ही वाट बघताय.’

गाडी निवल्यावर कप्ताननं चारही प्लग काढले. चारही बिस्किटी. तार तशीच बारीक, टोकाची कड जराशी गोल झालेली, एवढंच. वायसर चपटे. मोजे न घातलेल्या आठ-दहा हातांतून ते फिरले आणि ठिणगी या वेळी कोणावरही ओरडली नाही. थोरल्या पाहुण्यानं खिशातून पेन काढलं.

‘मी टाकायलाच निघालो होतो,’ काका कोणाकडेही न बघता म्हणाले. ‘वाटेत नाला आहे. तिथे थांबलोही. पण हातात घेऊन बघितले. इतके पळून असे राहिलेले प्लग मी जन्मात पाहिले नव्हते. म्हटलं, एकदाच लावून बघू. टेकडीपर्यंत. मग टाकू.’

‘आणि?’

‘आणि चढ कधी संपला कळलं नाही. मग टाकवेनात.’ त्यांनी म्हातारीच्या टपावर हात ठेवला. ‘माझा प्लग माझ्यासमोर बंद होऊ नये, एवढंच होतं मनात. वर्षभर पुढे ढकललं असतं तर बंद होताना मी इथे नसतो.’

‘आणि मी कुठे असते, काका?’ ठिणगी म्हणाली. ‘आणि कप्तान? त्याला आज घरी पाठवत होते!’

याचं उत्तर साहेबांकडे होतं, त्यांनी काकांना किल्ली जमा करून ताबडतोब घरी जायला सांगितलं आणि पुढचं समिती बघेल म्हणाले. कपाटाची किल्ली काकांनी कप्तानच्याच हातात दिली. ‘माफ कर,’ म्हणाले. ‘बघतो,’ कप्तान म्हणाला, आणि त्यानं डिकीत पडलेले काकांचे जुने प्लग म्हातारीत परत बसवून दिले, नीट पिळून, हातचं न राखता.

‘चोरीसुद्धा धड करता येत नाही या लोकांना,’ बायको मला म्हणाली. ‘पुरावा नष्ट करायचा सोडून त्याची चाचणी घेतात!’

काका गाडीत बसले. म्हातारीनं तीनदा नकार दिला, चौथ्यांदा एक बार काढला आणि थरथरत फाटकाकडे निघाली. सगळे आत वळले. ठिणगी वळली नाही. रागानं तिचे कान लाल झाले होते. लहानपणीही असेच व्हायचे. ती दोन पावलं आत गेली, थांबली, आणि एकदम गाडीमागे धावत सुटली.

‘काका!’ तिनं खिडकीवर थाप मारली. ‘तुमच्याशी मी जन्मात बोलणार नाही!’

‘बरोबर आहे, पोरी.’

‘पण चढावर कशी चालली?’

म्हातारी बंद पडली. की काकांनी केली, सांगता येत नाही. आम्हाला दिसलं ते एवढंच, की काकांनी हात तिरका करून चढ दाखवला, ठिणगीनं तो हात धरून आणखी थोडा तिरका केला, काकांनी जोरजोरानं मान हलवून तो पुन्हा खाली आणला, आणि दोघं हमरीतुमरीवर आली.

बायकोनं कपाळाला हात लावला. ‘अरे, चल घरी. मला वायसरवर एक परिच्छेद लिहायचाय.’

आम्ही गाडीत बसलो. मी किल्ली फिरवली. मग पुन्हा फिरवली. शेवटी काच खाली करून मी ठिणगीला हाक मारली.

‘थांब रे दादा,’ ती वळूनही न बघता म्हणाली, ‘बघते एकदा तुझी गाडी.’